नऊ नंबरचा गवाह

मादाम कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की नमस्कार-चमत्कार नंतर, आधी भिंत. पर्स खुर्चीवर टाकायची आणि भिंतीला तळहात लावून खोलीभर एक फेरी मारायची. बहारीनमधल्या आमच्या जिदहफ्सच्या दोन खोल्यांत त्या आल्या तेव्हा माझी बायको दस्तरखान अंथरून, सांदणं वाफवून, ठेवणीतला दुपट्टा घेऊन दारात उभी. आणि बाई तिच्याकडे न बघता तिच्या डोक्यावरच्या कोपऱ्याकडे बघतात आणि विचारतात, "ही भेग कधीपासून?"

बायको माझ्याकडे बघते, मी बायकोकडे. सहा वर्षं राहत होतो त्या घरात. भेग आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं!

"अहो, त्यांना आधी जेवू द्या, भिंती मग दाखवा," बायको म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं. मादाम खळखळून हसल्या. "तुझी बायको बरोबर बोलते. भिंत काही पळून जात नाही." मग पुन्हा वर बघून म्हणाल्या, "बहुतेक." आणि मांडी घालून बसल्या, गुडघे कुरकुरले तरी, आणि नऊ सांदणं खाल्ली. बायको आजही तो आकडा सांगते.

मी सलमाबादच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये टेक्निशियन. साइटवरून काँक्रीटचे ठोकळे येतात, ते मशीनमध्ये दाबून फोडायचे आणि किती भाराला फुटला ते लिहायचं. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. मादाम फ्रान्सच्या. सिव्हिल इंजिनीयर. त्यांच्या देशात बोगद्याच्या कामावर बाईमाणसाला पाय ठेवू देत नसत, त्या काळात त्या उभ्या राहिल्या. मग पूल, धक्के, बंदरं. साठी उलटल्यावर इथे बहारीनला आल्या. समुद्रात भराव टाकून केलेली जमीन, तिच्यावर उठलेल्या इमारती, त्यांचं काय खचतंय, काय सरकतंय ते बघायचं काम. आमच्या लॅबने त्यांच्या हाताखाली मला दिलं. सात वर्षं मी त्यांच्या मागून शिडी घेऊन फिरलो.

त्यांच्याबद्दल एक वाक्य छापून आलंय. 'कारकिर्दीच्या अखेरीस आखातात त्यांच्या हातून निरीक्षणाची एक गंभीर चूक झाली.' हे वाक्य खोटं आहे. आणि ते पुसायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून बसलोय लिहायला, नाहीतर मला कुठे लिहायचा सोस! पण चूक काय ते सांगण्याआधी बाई काय होती ते कळायला हवं.

तर बाई लिफ्टमध्ये बसत नसत. जुफैरला चौथ्या मजल्यावर फ्लॅट, पण जिन्याने. "ज्या लिफ्टचा खड्डा मी पाहिला नाही तिच्यात मी का बसू?" उन्हात काळा चष्मा घालत नसत. काँक्रीटचा रंग बदलतो म्हणे. त्याऐवजी एक मोठी छत्री, वरून चांदीच्या रंगाने रंगवलेली, स्वतः रंगवलेली, आणि ब्रशचे ओघळ तसेच. जुलैच्या उन्हात ती छत्री साइटवर दिसली की फोरमन लोक एकमेकांना फोन करायचे, "आली, आली!" सकाळी तंदूरवाल्याकडची गरम खुब्ज, इथली रोटी, घ्यायची आणि चालता चालता नुसती खायची. चहा मात्र आमच्यासारखा, कडक, साखर मारलेला.

कुणी कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "इंशाल्ला मादाम, उद्या होईल," की त्या वही उघडून म्हणायच्या, "तारीख सांग." पहिल्यांदा मला राग आला. मी म्हटलं, मादाम, आमच्यात ते मनापासून म्हणतात. तर म्हणाल्या, "मीही मनापासूनच ऐकते. पण वहीवर देवाची सही मला घेता येत नाही, म्हणून याची घेते." आणि 'खलास' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. कोणी "काम खलास" म्हटलं की छत्री त्याच्यावर रोखायच्या. "माणसं घरी जातात. काँक्रीट कामावरच असतं."

त्यांचा खरा जीव मात्र एका डब्यात होता. गोल, पत्र्याचा, केकचा डबा. झाकणावर कधीकाळी डोंगराचं चित्र होतं, आता नुसता निळा डाग. आत एक रबरी वाटी, एक चमचा, प्लास्टर ऑफ पॅरिसची पुडी आणि पेन्सिल. कुठे भेग दिसली की वाटीत प्लास्टर कालवायचं, भेगेवर आडवी पट्टी लावायची, दोन बोटं रुंद, आणि ओली असतानाच तिच्यावर तारीख कोरायची. बस्स. भेग मेलेली असेल तर पट्टी तशीच राहते. भिंत अजून हलत असेल तर पट्टी तडकते. फ्रेंचमध्ये त्या पट्टीला साक्षीदार म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. साइटवरच्या पोरांनी त्याचा 'गवाह' केला. आमच्या लॅबमध्ये भेगा मोजायची लाखमोलाची यंत्रं पडली होती. बाई म्हणायच्या, "यंत्राला बॅटरी लागते. याला फक्त प्रामाणिक माणूस लागतो, रोज येऊन बघणारा."

पट्टी लावायला त्यांनी मला शिकवलं. शिकवलं कसलं, चमच्याने बोटांवर मारलं. मी आपला हात सढळ ठेवून थापायचो. घरची सवय, मातीच्या भिंती लिंपलेला माणूस मी. "पातळ! मध्ये पापडासारखी पातळ! जाड पट्टी फुटत नाही, भिंत हलली तरी. नुसती एका बाजूने सुटून लटकत राहते आणि तुला वाटतं सगळं ठीक आहे. तिने फुटायलाच हवं. तेच तिचं काम." दोनशेएक पट्ट्या वाया घालवल्यावर मला जमलं. त्या दिवशी त्या मला 'शेफ' म्हणाल्या. त्यांच्याकडे साइटच्या मुकादमाला शेफ म्हणतात. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "मग आज भाकऱ्या तुम्हीच भाजा."

आमच्या घरातल्या त्या भेगेवरही त्यांनी पट्टी लावली. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिला खुर्चीवर उभं करून तिच्या हातून तारीख कोरून घेतली. मग रोज शाळेत जायच्या आधी पोरगी वर बघायची आणि माझ्या फोनवरून मादामना मेसेज, 'नो क्रॅक'. घरात आम्ही मराठी बोलायचो, तिचं उत्तर इंग्रजीत यायचं, तशीच पोर. पण शिस्त अशी की तापातसुद्धा चुकली नाही. वर्षभराने मादाम आल्या, पट्टीवर नख फिरवलं आणि तिला म्हणाल्या, "तुमचं घर ठीक आहे. भेग म्हातारी झालीय, माझ्यासारखी. आता कुठे जायची नाही." पोरीला त्या बाईचं वेड लागलं ते तिथे.

बोगद्याची गोष्ट त्या दर महिन्याला एकदा तरी सांगायच्या. मला पाठ झाली होती तरी मी ऐकायचो. नव्यानेच पास झालेल्या, डोंगरात एक बोगदा चालू होता, तिथे नेमणूक. मजूर म्हणाले, बाई आत आली तर आम्ही बाहेर. आत बाई म्हणजे अपशकुन, डोंगर कोसळणार. मुकादम सगळ्यात कट्टर. मादामना बघितलं की तो बाजूला थुंकायचा. मग काय, बाई बोगद्याच्या तोंडाशी एका उलट्या बादलीवर बसून राहिल्या. पाऊस, बर्फ, काही असो. लोक जे आकडे बाहेर आणून देतील ते लिहायचे.

वर्षातून एकच दिवस बायकांना आत जायची मुभा. खोदकाम करणाऱ्यांची एक संतीण असते त्यांच्यात, तिच्या सणाचा दिवस. सगळ्या बायका नटूनथटून, केक घेऊन आत जातात. मादामही गेल्या, हातात केकचा डबा. डब्यात केक नव्हता, तुम्ही ओळखलंच असेल. सगळे गात होते तेव्हा बाईंनी छताजवळच्या एका भेगेवर पट्टी लावली, तारीख घातली आणि गुपचूप बाहेर येऊन बादलीवर बसल्या.

आठवड्याने तो मुकादम बाहेर आला. टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "तुमची पट्टी फुटलीय." बाईंनी सगळी माणसं बाहेर काढायला लावली. दोन दिवसांनी तिथलं छत खाली आलं. आत कोणी नव्हतं. त्यानंतर त्यांना कोणी अडवलं नाही, ना तिथे, ना पुढे कुठे.

गोष्ट इथे संपायला हवी, पण मादाम ती इथे संपवत नसत. चमचा वाटीवर ठोकत म्हणायच्या, "लोक मला शाबासकी देतात. मी काय केलं? प्लास्टर लावलं. तो माणूस मला बघून थुंकायचा. पण त्याने येऊन सांगितलं."

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. शंभर वेळा!

आता माझं.

समुद्राच्या बाजूला एक रहिवासी इमारत, तिच्या मागे पार्किंगचा उतार, आणि त्या उताराची माती अडवून धरणारी भिंत. भरावावर बांधलेली. भिंतीला भेगा पडल्या म्हणून मालकाने मादामना बोलावलं. त्यांनी अकरा गवाह लावले. दहा हाताला येतील असे, आणि नऊ नंबरचा वर, शिडी लागेल इतक्या उंचावर. तीन महिने बघायचं, मग भिंत ठेवायची की उतार बंद करून पाडायची ते लिहून द्यायचं, असं ठरलं.

याच सुमारास मादामच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आम्हाला पत्ता नाही. एक दिवस चहात साखरेऐवजी प्लास्टर घालायला निघाल्या तेव्हा कळलं. ऑपरेशनला गावी जायचं ठरलं, तीन आठवडे. जाताना मला म्हणाल्या, "रोज सकाळी अकराही बघायचे. भिंतीला पाइप, फळ्या, काही टेकू द्यायचं नाही. काहीही झालं तर मला एक ओळ लिही."

मी म्हटलं, मादाम, फिकीर करू नका.

इमारतीच्या मागच्या बाजूला रंगाचं काम निघालं होतं. त्यांचा फोरमन आमच्या खाडीपलीकडचा, माझ्या मामाच्या गावचा. परक्या मुलुखात असा माणूस भेटला की काय होतं ते बाहेर राहिलेल्यालाच कळेल. घरून आलेलं आंबोशीचं लोणचं वाटून खाल्लेलं आम्ही. तो म्हणाला, "भाई, स्कॅफोल्डिंग दोन दिवस तुझ्या भिंतीला टेकवू दे. दुसरी जागाच नाही. मादामला कोण सांगायला जातंय?" मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, दोनच दिवस हां.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नऊ नंबर फुटलेला. सरळ दोन तुकडे. एक भिंतीवर, एक खाली.

फोरमनला बोलावलं. तो म्हणाला, "पाइप लागला असेल भाई, पोरं धसमुसळी आहेत." मग हात धरला माझा. "पुढच्या महिन्यात व्हिसा रिन्यू व्हायचाय. मी मनाई मोडली हे वर गेलं तर गेलोच मी." आणि मी मोडायला दिली, हे वर गेलं तर मीही गेलो, हे तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

मला खरंच वाटलं की पाइपच लागला. आजही मी स्वतःला हेच सांगतो. पण वाटणं म्हणजे बघणं नव्हे, हे सात वर्षं कोण शिकवत होतं? एक ओळ लिहायची होती. नऊ नंबर फुटला. तीन शब्द. फोन हातातच होता.

त्याऐवजी मी काय केलं? राहिलेला तुकडा खरवडून काढला, दोन्ही समुद्रात फेकले, वाटीत प्लास्टर कालवलं, वर चढलो आणि नवी पट्टी लावली. आणि जाड लावली, हो! पुन्हा कोणाचा पाइप लागला तरी फुटायला नको म्हणून चांगली बोटभर जाड. वर जुनी तारीख कोरली, मादामनी घातलेली. खाली उतरून बघितलं, छान दिसत होती. जीव भांड्यात पडला. फोरमनने इथला घट्ट करक चहा पाजला. लाज वाटते सांगताना, पण तो चहा मला गोड लागला.

मादाम परत आल्या त्या एका डोळ्यावर पट्टी बांधून. दुसरा डोळा अजून धूसरच, त्याचं ऑपरेशन पुढे. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका, चढउतार करू नका म्हणून बजावलेलं. तरी तीन महिन्यांची मुदत भरली म्हणून तिसऱ्या दिवशी टॅक्सी करून भिंतीशी हजर. खालच्या दहा पट्ट्या त्यांनी एकेक करून बोटांनी वाचल्या. सगळ्या शाबूत. मग वर तोंड करून म्हणाल्या, "नऊ?"

मी शिडीवर होतो. "शाबूत आहे, मादाम."

"तारीख?"

"तुम्ही घातलेलीच."

"केसाएवढी तरी रेघ?"

"नाही."

बघा, यातला एक शब्द खोटा नाही. आणि सगळंच्या सगळं खोटं. मादामनी शिडीला हात लावला. "मी चढून बघू का?"

"नको मादाम, नको! डॉक्टरांनी नको सांगितलंय ना. मी आहे ना इथे." किती काळजीने बोललो म्हणून सांगू! स्वतःच्या आईला सांगावं तसं. आणि ती काळजी खरी होती, हेच मला अजून झोंबतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुझे डोळे ते माझेच." टॅक्सीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी लिहून दिलं की भिंत स्थिर आहे, उतार वापरायला हरकत नाही. सही करताना कागद डोळ्यापाशी नेला होता.

पाच आठवड्यांनी, शुक्रवारी, जुम्म्याच्या वेळेला भिंत गेली. मधोमध फुगली आणि उताराचा अर्धा भाग खाली बसला. दोन गाड्या दबल्या. नमाजाची वेळ, उतारावर माणूस नव्हता. अल्लाची मेहेरबानी, दुसरं काय.

मी मशिदीतून तसाच धावत गेलो. मादाम माझ्याआधी पोहोचल्या होत्या. ढिगाऱ्याच्या कडेला एका उलट्या बादलीवर बसलेल्या, चांदीची छत्री बाजूला पडलेली, आणि हाताने राडारोडा चाळत होत्या. मला बघितलं. काहीतरी उचललं, धूळ फुंकली, डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. मला वाटलं, काँक्रीटचा नमुना असेल.

चौकशी बसली. मोठं टेबल, सुटाबुटातले आठ-दहा लोक, एसी इतका की दात वाजावेत. मी फाइल मांडीवर घेऊन कोपऱ्यात. एकाने माझ्याकडे बोट करून विचारलं, "पट्ट्या रोज हाच बघत होता ना? नऊ नंबरवर काय दिसलं होतं तुला?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आतून काय निघालं असतं, देव जाणे. त्याआधीच मादाम म्हणाल्या, "त्याला नका विचारू. सही माझी आहे. मी स्वतः चढून बघितलं नाही. माझ्या डोळ्याने न बघता मी सही केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. चूक माझी."

मी एक खुर्ची मागे सारून उभं राहायचं होतं, एवढंच. नाही राहिलो.

कॉन्ट्रॅक्ट गेलं त्यांचं. ज्या लोकांनी त्यांच्या नावाने व्याख्यानं ठेवली होती, त्यांनी फोन उचलणं सोडलं. एवढे बोगदे-पूल केलेली बाई, आणि लॅबमध्ये पोरं हळूच म्हणायची, म्हातारीला दिसत नव्हतं, तरी सह्या करत सुटली होती. मी ऐकायचो आणि ठोकळे फोडायचो. खोटं कशाला सांगू, माझा पगार चालू होता, बायको-मुलीचा व्हिसा माझ्या नावावर होता, पोरीची शाळा होती. प्रत्येक कारण खरं आहे. सगळी एकत्र करूनही पुरत नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी मी जुफैरला गेलो, बायकोने दिलेला सांदणांचा डबा घेऊन. फ्लॅट रिकामा. एक सुटकेस आणि छत्री. मादामनी सांदणांचा डबा घेतला आणि मला आपला पत्र्याचा डबा दिला.

"मादाम, हा तुमचा... मी कसा घेऊ?"

"घे. आत आहे ते तुझंच आहे."

माझ्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. ऑपरेशन झालेल्या त्या एका डोळ्याने, स्वच्छ. बराच वेळ. आज कळतं, त्या वाट बघत होत्या. मी टोपी हातात घ्यावी आणि सांगावं, एवढीच वाट. मी म्हणालो, "मादाम, तब्येतीला जपा." त्यांनी मान हलवली. जिन्याने खाली येऊन मला सोडलं, चार मजले, कठड्याला धरून धरून.

घरी येऊन डबा उघडला. वाटी, चमचा, पेन्सिल. आणि कापसात गुंडाळलेली एक प्लास्टरची पट्टी. बोटभर जाड. वर तारीख. कुठे तडा नाही, कोपरासुद्धा उडालेला नाही. एवढी भिंत फुटली होती आणि ती अख्खी.

म्हणजे चौकशीच्या दिवशी बाईंना सगळं ठाऊक होतं. मी कोपऱ्यात फाइल घेऊन बसलेलो असताना ठाऊक होतं.

मी डबा कपाटावर ठेवला, मागे, ब्लँकेटांच्या आड. दर वर्षी एक पोस्टकार्ड यायचं, पोरीच्या नावाने. डोंगराचं चित्र, मागे चार ओळी, आणि शेवटी एक माझ्यासाठी. 'शेफला विचार, भेग कशी आहे?' पोरगी उत्तर पाठवायची. मला विचारायची, "अब्बा, एनीथिंग फ्रॉम यू?" मी म्हणायचो, सलाम सांग. आठ वर्षं नुसता सलाम सांगितला मी. मग पोस्टकार्ड यायचं थांबलं. थांबलं तेव्हा मी चौकशी केली नाही, कारण उत्तर काय येणार ते मला माहीत होतं. एवढा भित्रा माणूस!

आता पोरगी अठरा वर्षांची. सिव्हिल इंजिनीयरिंगला अर्ज करतेय. कॉलेजवाल्यांनी निबंध मागितलाय, कोणामुळे या वाटेला आलात म्हणून. परवा शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली आणि वाचून दाखवायला लागली. बोगदा, बादली, केकचा डबा, आमच्या कोपऱ्यातली भेग, सगळं होतं. बायको दारात हात पुसत ऐकत होती, इंग्रजी कळत नाही तरी डोळे भरून. मग पोरीने वाचलं की मादाम वारल्या, आणि फ्रान्सच्या कुठल्याशा इंजिनीयर लोकांच्या पत्रिकेत त्यांच्यावर आलेल्या मजकुराचा आधार घेऊन पुढचं वाक्य. कारकिर्दीच्या अखेरीस, आखातात, एक गंभीर चूक.

"इट्स सो सॅड, अब्बा," ती म्हणाली. "वन मिस्टेक. पण ते लिहायलाच हवं ना? मादाम वुड वाँट मी टू बी ऑनेस्ट."

मी उठलो. खुर्ची घेतली, कपाटावरून ब्लँकेटं ओढली, डबा काढला. बायको म्हणाली, "हे काय आता मध्येच?" मी डबा पोरीच्या मांडीवर ठेवला.

तिने झाकण ओळखलं, हसली. वाटी बाहेर काढली, चमचा काढला. मग कापूस उलगडला. पट्टी हातात घेऊन वजन बघितलं, अंगठ्याने जाडी चाचपली. कपाळाला आठी पडली. "धिस इज टू थिक. मादाम असं कधीच करायच्या नाहीत." मग खिडकीकडे फिरवून तारीख वाचली. तिच्या शाळेच्या डायरीवर, फॉर्मवर, पुस्तकांच्या कव्हरांवर बारा वर्षं मी आकडे घातलेत.

"अब्बा," ती हळू म्हणाली, "धिस इज युवर हँडरायटिंग."

बायको दारातून पुढे आली. दोघी माझ्याकडे बघत होत्या. भिंतीवर वर कोपऱ्यात पोरीच्या हातची ती जुनी पट्टी अजून होती, पापडासारखी पातळ.

"नऊ नंबर फुटला होता, बेटा," मी म्हणालो. "मी सांगितलं नाही."